आम्ही गवत उभे करतो

आमच्या बँकेत एखादा कारकून जागेवर दिसला नाही, की साहेब केबिनच्या दारात उभे राहून विचारतात, "कुठं गेले हे? गवत उपटायला?" गेली वीस वर्षे मी हा प्रश्न खालमानेने ऐकत आलो. पण गेल्या उन्हाळ्यापासून तो कानावर पडला, की मला आतून गुदगुल्या होतात. साहेबांची माहिती अगदी उलटी आहे. मी गवत उपटत नाही. मी गवत उभे करतो. रोज रात्री साडेनऊ ते अकरा, हडपसरमध्ये साडेसतरा नळीच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, चहाच्या गाळण्यातून.

साडेसतरा नळी हे नाव मी बनवलेले नाही. या पत्त्यावर मनीऑर्डर पाठवताना बाहेरगावचे नातेवाईक "पूर्णांक कळवा" म्हणून पत्र पाठवत. पण अपूर्णांकात राहणाऱ्या माणसाला प्रमाणाचे वेड लागले, तर त्यात नवल ते काय? माझे प्रमाण आहे एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खऱ्या जगातल्या सत्त्याऐंशी फुटांचा माझ्या टेबलावर एक फूट. मी छोटी आगगाडी बनवतो आहे. खरे तर गाडी विकतच आणली आहे. बनवतो आहे ते तिच्या आजूबाजूचे हडपसर.

या रोगाची लागण कधी झाली, ते तारखेनिशी सांगता येते. १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. आयुष्यभर आगगाड्यांचा छंद केलेल्या या गृहस्थांनी आधी प्रदर्शनांतून आपले छोटे शहर लोकांना दाखवले आणि मग त्याला कायमचे घर दिले. मी तेव्हा एफ. वाय. बी. कॉम.ला होतो. आमचे वडील, अण्णा, रेल्वेत पी. डब्ल्यू. आय.च्या कचेरीत कारकून. पी. डब्ल्यू. आय. म्हणजे ज्याच्या नावाने रूळ, स्लीपर, खडी आणि गँगमन हे चार जीव नांदतात तो अधिकारी. अण्णा मला घेऊन निघाले. हडपसरहून कोथरूड म्हणजे तेव्हाच्या पीएमटीच्या दोन बसा आणि मध्ये सबंध पुणे. दौंडला जाऊन आलो असतो तेवढ्या वेळात.

त्या हॉलमध्ये दिवस मावळून रात्र झाली, इवलेसे दिवे लागले, सिग्नल पडले, गाड्या पळाल्या. पोरे गाड्यांमागे मान फिरवत होती. अण्णा मात्र एकाच जागी वाकून रुळाच्या कडेला पाहत होते. परत येताना बसमध्ये ते एवढेच म्हणाले, "रूळ कुणीही टाकील रे. रुळाच्या कडेचं दिसलं पाहिजे, मग गाडी चालल्यासारखी वाटते." मी तेव्हा मान डोलावली. वडिलांच्या वाक्याचा अर्थ कळायला पंचवीस वर्षांची मुदत लागते. तोवर व्याज साचत राहते.

आता या विद्येचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण इतिहासाशिवाय पुण्यात कुठलीही गोष्ट सुरू करता येत नाही, मग ते गवत का असेना.

जर्मनीत गोपिंगन गावी १८५९ साली मेर्कलिन नावाचे दुकान निघाले. ते आधी बाहुल्यांची भातुकली बनवत असे. १८९१ साली त्यांनी लाइपझिगच्या जत्रेत किल्लीची आगगाडी मांडली, आणि तीही ठराविक मापांच्या रुळांसह. म्हणजे आज एक डबा घेतला तरी पुढच्या वर्षी दुसरा त्याला जुळणार. बापाच्या खिशाला कायमचे भोक पाडण्याची ही युक्ती इतकी चालली, की १९२० साली इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांनीही आपल्या गाड्या काढल्या. पण या गाड्या धावत कशावरून? दिवाणखान्यातल्या सतरंजीवरून, खुर्चीच्या पायांना वळसा घालून. गवत वगैरे कुणाच्या मनात नव्हते. सतरंजी हिरवी असली तर ते कुरण, लाल असली तर लाल माती, असा सगळा समजूतदारपणाचा कारभार.

पुढे गाड्या लहान होऊन टेबलावर आल्या आणि एकास सत्त्याऐंशी हे माप रुळले. टेबल आले तसे लोकांना वाटू लागले, की गाडीच्या बाजूला काही तरी उगवले पाहिजे. मग सुताराकडचा भुसा आणून हिरवा रंगवायचा आणि सरसावर भुरभुरवायचा, ही पहिली शेती. त्यापाठोपाठ वाळवलेले दगडफूल झुडपांच्या जागी आले. आपल्याकडे जे गोड्या मसाल्यात पडते, त्याच्याच जातकुळीतली ही वनस्पती. विलायतेत तिचे जंगल व्हायचे, आपल्याकडे आमटी. १९७५ नंतर अमेरिकेतून रंगीत फोमचा चुरा आला. पण भुसा काय आणि फोम काय, दोन्ही जमिनीवर पसरतात. ते शेवाळ दिसते, हिरवळ दिसते, फार तर सांडलेली कोथिंबिरीची चटणी दिसते. गवत दिसत नाही. कारण गवताचा मूळ स्वभाव म्हणजे उभे राहणे. आडवे पडले की तो चारा.

उभे कसे करायचे, ही युक्ती मात्र रेल्वेवाल्यांची नव्हे, कापडवाल्यांची. सतराव्या शतकात युरोपात गरिबाचे मखमल म्हणून एक प्रकार निघाला होता. भिंतीच्या कापडावर किंवा कागदावर सरसाची नक्षी काढायची आणि तिच्यावर लोकरीचे कातरण टाकायचे. विसाव्या शतकात त्यात वीज शिरली. विजेने भारलेले बारीक तंतू सरसावर पाडले, तर ते झोपत नाहीत, ताठ उभे राहतात, हे कारखानदारांना उमगले. दागिन्यांच्या डबीतले मऊ अस्तर याच रीतीने होते. सुताराचा पॉलिश पेपरही असाच, त्यातले खड्याचे कण टोक वर करून उभे असतात ते विजेमुळे. नोख नावाची १९११ सालची जर्मन कंपनी आणि तिचे भाऊबंद यांनी हीच विद्या गवताला लावली. पिशवीत नायलॉनचे किंवा रेयॉनचे तंतू, दोन, चार, सहा, बारा मिलिमीटरचे, आणि ते पाडायला विजेची चाळणी. हॅम्बुर्गला २००१ पासून जे जगप्रसिद्ध छोटे जग उभे आहे, तेही याच एकास सत्त्याऐंशीच्या मापाचे.

मी तंतूंच्या पिशव्या मागवल्या. चाळणीची किंमत पाहिली आणि ती पगाराच्या स्लिपशेजारी ठेवून पाहिली. दोघींचे जमण्यासारखे नव्हते.

तेव्हा आमच्या कन्येने सुचवले, "बाबा, डास मारायची बॅट आहे ना आपल्याकडे? तीच खोलू." कन्या नववीत आहे. तिला विज्ञान येते आणि मला नाही, यावर घरात एकमत आहे.

हडपसरला डासांची आणि म्हणून बॅटींची टंचाई नाही. या बॅटीच्या दांड्यात एक छोटी बॅटरी असते आणि तिचे चार-दोन व्होल्ट चढवत चढवत हजार-दोन हजारांवर नेणारी यंत्रणा असते. आमच्या व्याजदराला हे कधी जमलेले नाही. जाळीच्या दोन तारा सोडवायच्या. एक जोडायची स्टीलच्या चहाच्या गाळण्याला, दुसरी एका खिळ्याला. पुठ्ठ्याच्या जमिनीवर पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल फासायचा, त्यात तो खिळा खोवायचा, गाळण्यात तंतू भरायचे, बटण दाबायचे आणि वर बोटभर अंतरावर गाळणे हलवायचे.

पहिल्या रात्री मी खिळा लावायलाच विसरलो. दोन पिशव्या तंतू पडले आणि सगळे आडवे. टेबलावर जणू न्हाव्याचे दुकान झाले. सौ. आत येऊन म्हणाली, "अहो, केस कुणाचे कापलेत?"

कन्येने समजावले, "बाबा, सोपं आहे. गाळण्यातून पडताना प्रत्येक तंतूला सारखाच भार मिळतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून तंतू चिकटत नाहीत, सुटे होतात. पण खाली ओल्या फेविकॉलमध्ये विरुद्ध भार हवा. तो असला की तंतू त्याच्याकडे तोंड करून सरळ उडी मारतो आणि उभा रुततो. खिळाच नाही, तर तो जाणार कुणाकडे?"

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. अहो, ही तर दुहेरी नोंद! जमा आहे तिथे नावे पाहिजेच. एका बाजूला नोंद टाकून दुसरी बाजू कोरी ठेवली, तर खाते कसे उभे राहणार? कॉलेजात सरांनी तीन वर्षे घसा फोडून जे सांगितले, ते मला डास मारायच्या बॅटीने एका रात्रीत पटवले. खिळा लावला, बटण दाबले, गाळणे हलवले, आणि वाचकहो, काय सांगू! फेविकॉलच्या चिखलात दोन दोन मिलिमीटरचे हिरवे पाते ताठ उभे राहत गेले, राष्ट्रगीताला उभे राहावे तसे. मी आनंदाने बॅट बंद केली आणि गाळणे उचलले.

इथे दुसरा धडा मिळाला. बॅटीत कपॅसिटर नावाचा एक ठेवीदार बसलेला असतो. बटण सोडले तरी त्याच्या खात्यात शिल्लक राहते. ती शिल्लक मी एकरकमी, स्वतःच्या बोटाने काढली. सौ.ने हळदीचे दूध दिले आणि गाळणे परत मागितले नाही. तेव्हापासून बटण सोडले की आधी दोन्ही टोके लाकडी मुठीच्या पेचकसाने एकमेकांना टेकवायची, चट् असा आवाज ऐकायचा, खाते शून्यावर आल्याची खात्री करायची आणि मगच हात लावायचा, असा नियम आहे. मुलांनी मोठ्या माणसाशिवाय हे करू नये. आमच्या घरी मोठ्या माणसाने मुलीशिवाय करायचे नाही, असे ठरले आहे.

आठ दिवसांत दोन बाय चार फुटांच्या फळीवर हिरवेगार कुरण तयार झाले. मधून रूळ, एक फलाट, एक पत्र्याची शेड. मी अण्णांना हाताला धरून आणले. अण्णा आता ऐंशीचे आहेत. हल्ली ते घराबाहेर फारसे पडत नाहीत. गेल्या दिवाळीत रिक्षातून मगरपट्ट्याच्या बाजूने नेले, तर अर्ध्या वाटेत म्हणाले, "कुठल्या गावाला आणलंस रे?" त्यांचे हडपसर त्यांना सापडत नव्हते. म्हणून तर हा सगळा उद्योग मी मांडला होता. फळीवर तरी सापडावे.

अण्णांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले आणि विचारले, "कुठलं रे हे?"

"अण्णा, हडपसर स्टेशन. तुमच्या वेळचं."

"इतकं हिरवं?" अण्णा म्हणाले. "हे साहेबाच्या बंगल्यापुढचं लॉन आहे. आणि खडीत गवत उगवलंय तुझ्या. गँगला मेमो गेला असता." आणि ते जाऊन झोपले.

मी पिशव्यांवरची नावे पुन्हा वाचली. वसंतातले कुरण, उन्हाळ्यातले कुरण. उन्हाळ्याचे म्हणून मी मागवले ते पोपटी होते. चूक माझीच. जर्मनीतला उन्हाळा पोपटी असतो. हडपसरचा उन्हाळा विचारा कुणालाही. आपल्याकडे गवत दिवाळीपर्यंत हिरवे आणि तिथून पुढच्या पावसापर्यंत पिवळे. रुळाचेही तसेच. माझी गाडी ज्या रुळावर धावते त्याची रुंदी साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे विलायती रूळ. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. खऱ्या जगात हा फरक जवळजवळ पाऊण फुटाचा होतो. म्हणजे गाडी परदेशी, रूळ परदेशी आणि गवतही परदेशी. हडपसरचे म्हणून फळीवर फक्त डास होते, आणि आता बॅट कामात असल्याने ते निवांत होते.

मग मी हडपसरच्या गवताचा अभ्यास सुरू केला. इतिहासाच्या पुस्तकांत गवताला जागा नाही, पण इतिहास घडतो गवतावरच. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून निघाले ते ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांच्या तहावर सही करून बसले. मराठी राज्याचे पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी माळावर हजारो घोडी असणार आणि तो ऑक्टोबर म्हणजे कुसळीला कुसळे येण्याचा हंगाम. त्या फौजेच्या पायांत किती कुसळे गेली असतील, याची नोंद एकाही बखरकाराने ठेवलेली नाही. नंतर १८५८ साली याच माळावरून रेल्वे पुण्याच्या पुढे दिक्सळकडे गेली. लोखंडाची दोन बोटे आणि दोन्हीकडे गवत.

कुसळी, पवना, मारवेल, ओलीच्या कडेला हरळी, कालव्याजवळ लव्हाळा, ही आमच्या लहानपणीच्या हडपसरची खातेदार मंडळी. कुसळीचे कुसळ मोज्यात शिरले, की ते पुढे सरकते, मागे येत नाही. आमच्या काही कर्जदारांसारखे. २००० सालाच्या सुमारास मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी मिळून सुमारे चारशे एकर जमिनीवर स्वतःच शहर वसवले. जमीन विकून देशोधडीला लागण्यापेक्षा भागीदार झाले, हे हिशेबाच्या माणसाला पटणारे. २०२१ साली स्टेशनातून थेट हैदराबादची गाडीही सुटू लागली. सगळे चांगलेच झाले. फक्त कुसळी कधी गेली, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. गवताची मृत्यूची नोंद कुठे करायची असते?

तेव्हा फळीवरचे सगळे गवत खरवडून काढले आणि या खेपेला साहेबांचे म्हणणे अक्षरशः खरे झाले. सुकलेल्या गवताचा रंग मिळवण्यासाठी शरद ऋतूच्या पिशवीत फिकट पिवळी मिसळली, चिमूटभर तपकिरी टाकली, मुळाशी हिरव्याची नुसती आठवण ठेवली. पिशवीवरच्या आकड्यांचा कोष्टक मांडला. दोन मिलिमीटर म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर (नळीचा अपूर्णांक इथेही आलाच!), सहा म्हणजे गुडघाभर, बारा म्हणजे कमरेएवढे. आमची बॅट अशक्त, लांब तंतू तिला पेलत नाहीत. म्हणून आधी आखूड थर उभा करायचा, तो वाळला की वर सौ.चा केसांवर मारायचा स्प्रे फवारायचा आणि दुसरा थर पाडायचा. सांडलेले तंतू व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यायचे, मात्र नळीच्या तोंडावर माझा जुना मोजा बांधून, म्हणजे मोज्यात अडकलेले पुन्हा वापरता येतात. मोजा झटकताना मला हसू आले. तीस वर्षांनी मी पुन्हा मोज्यातून हडपसरचे गवत काढत होतो.

खडीत एकही पाते ठेवले नाही. मेमोची भीती.

आणि शेवटच्या रात्री घात झाला. शेडमधला दिवा जोडताना सोल्डरिंगची तापलेली सळी माझ्या हातून निसटली आणि रुळाच्या कडेला आडवी पडली. उचलेपर्यंत पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा जळून काळाकुट्ट झाला. घरभर वास. मी डोक्याला हात लावून बसलो. वासाने अण्णा उठून आले.

ते फळीवर वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या काळ्या डागाशेजारी बोट नेऊन म्हणाले, "हां. मार्च महिना."

"काय?"

"मार्च-एप्रिलात वाफेच्या इंजिनाची ठिणगी पडायची. वाळलेलं गवत, लगेच पेटायचं. गँगवाले फांद्या घेऊन झोडपायला धावायचे. असाच डाग राहायचा, रुळाच्या अंगाला, वाऱ्याच्या बाजूला लांबट. बरोबर केलंयस." मग फलाटाच्या टोकाकडे बोट सरकले. "इथं पाण्याचा हंडा असायचा. इथून तू शाळेतून यायचास, मोज्यांत कुसळं घेऊन. तुझी आई ओरडायची."

गाडी त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. रूळ पाऊण फुटाने अरुंद आहे, हेही नाही. हडपसर त्यांना सापडले ते माझ्या हातून झालेल्या नुकसानीत. आमच्या बँकेत नुकसान झाले तर खुलासा मागतात. माझ्याकडे या नुकसानीचा खुलासा नाही आणि मला तो द्यायचाही नाही.

आता अण्णा रोज रात्री येऊन फळीपाशी बसतात आणि कामावर देखरेख ठेवतात. परवा म्हणाले, "रुळाकडेचं गवत रेल्वेच्या मालकीचं. दर साली त्याचा लिलाव व्हायचा, गाववाले गुरांसाठी घ्यायचे. तुझ्या गवताचा झाला का?"

नव्हता झाला. मग अण्णांनी बसल्या जागेवरून रीतसर पुकारा केला. कन्या एक रुपया बोलली, मी सव्वा रुपया बोललो, सौ. बोलली, "गाळणं परत द्या, मग सगळं गवत घ्या." सव्वा रुपयावर अण्णांनी हातोड्याऐवजी चष्म्याचे घर आपटले. रक्कम मी अद्याप भरलेली नाही. नियमाप्रमाणे भरल्यावर गवत कापून न्यावे लागते. तेव्हा खाते थकीतच ठेवले आहे. गवत उभे आहे.